सूर्यकन्येच्या माहेरी बर्फ नाही

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी बाईचं माहेर आणि सासर एकाच नदीवर असतं. अशा हजारो आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत गेलात तर वाण्याच्या दुकानातसुद्धा अहिराणी ऐकू येते. भुसावळ-सुरत ही ताप्ती लाइनची गाडी अंमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी येते, आणि तापीही आपल्या वाटेने त्याच दिशेला येत असते. फरक एवढाच, की आपण सुट्टी संपली की परत फिरतो आणि ती फिरत नाही.

माझं माहेर अंमळनेरचं. तिथली बोरी नदी पुढे तापीलाच मिळते. लहानपणी नदी म्हणजे वाळू, असंच मला वाटायचं. उन्हाळ्यात बोरीच्या पात्रातून आम्ही चालत पलीकडे जायचो. पावसाळ्यात तीच नदी दोन दिवस अशी यायची की आजी काठावर जाऊ द्यायची नाही. मग परत वाळू. नदी बारा महिने वाहते हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचलं, आणि ते दुसऱ्याच कुठल्यातरी देशातलं असावं असं समजून सोडून दिलं.

ती बारमाही नदी मी पहिल्यांदा पाहिली ती हस्तिनापूरच्या यात्रेत. नात्यातल्या एका बाईंचं वर्षीतपाचं पारणं होतं, म्हणून अक्षयतृतीयेला सगळे गेलो होतो. पारणं झालं, उसाचा रस झाला, आणि आल्यासरशी हरिद्वार पाहून घेऊ असं ठरलं. वैशाखातलं ऊन. आमच्याकडे या दिवसांत विहिरीच्या तळाशी बादली खडखडते. इथे गंगा काठोकाठ, आणि पाणी एवढं गार की पाय घातला तर घोटा बधिर. पाऊस पडून सात महिने झालेले, मग हे पाणी कुठलं? अर्थात बर्फाचं. शाळेत पाठ केलेलं होतं, पण पाठ केलेलं आणि पायाला लागलेलं यात फार अंतर असतं.

बर्फाचं काम समजून घ्यायला आपलं स्वयंपाकघर पुरतं. वर्षाचा गहू आपण एकदाच भरतो आणि कोठीतून रोज लागेल तेवढा काढतो. हिमालयात थंडीत पडलेलं पाणी असंच गोठून कोठीत राहतं. चैत्र-वैशाखात ऊन तापलं की ते थोडं थोडं खाली येतं. म्हणजे जेव्हा खालच्या लोकांना पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच ते येतं. बर्फाजवळच्या ओढ्यांना तर सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारनंतर वाढतं, कारण सकाळचं ऊन काम करायला वेळ घेतं. आम्ही जैन, जग कुणी घडवलं असं मानत नाही, म्हणून देवाने बांधलेलं धरण असं मी म्हणणार नाही. पण धरणासारखं काहीतरी आपोआप झालेलं आहे खरं. 1854 साली इंग्रजांनी हरिद्वारहून गंगेचा मोठा कालवा काढला, तो याच भरवशावर. उन्हाळ्यातही पाणी येत राहील याची त्यांना खात्री होती. सगळी गंगा बर्फाची आहे असं मात्र नाही. खाली मैदानात उतरली की तिचंही बरंच पाणी पावसाचंच असतं. सिंधूचा जीव बर्फावर अधिक आहे.

तापीला यातलं काही नाही. सुरतेत तिला सूर्यपुत्री म्हणतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस करतात, चुनडी वाहतात. सूर्याच्या मुलीच्या माहेरी बर्फ कुठून असणार? मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताई इथे ती निघते. सातपुड्याची उंची ती काय, तिथे बर्फ साठत नाही. तिथून 724 किलोमीटर वाहून ती सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. सुमारे 65 हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचं पाणी तिच्यात येतं, आणि त्यातला पाचातला चार भाग महाराष्ट्रात आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अनेर, गोमाई या सगळ्या तिला येऊन मिळतात. सुरतेच्या माणसाने यांची नावं कधी ऐकलेली नसतात, पण त्याच्या दारात पूर येतो तो यांचाच. वर्षाच्या पावसातला नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोठी रिकामी.

त्यात आणखी एक खोड आहे. आपल्या देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. नर्मदा आणि तापी पश्चिमेला. पावसाळ्यात मोठा पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरात तयार होतात आणि तेही पश्चिमेकडेच सरकतात. म्हणजे ढग आणि नदी एकाच दिशेने निघतात. आधी बैतूल-अकोल्याकडे पाऊस, ते पाणी खाली येईपर्यंत जळगाव-धुळ्यावर पाऊस, ते सगळं मिळून पुढे येतं तोवर पाऊस नवापूर-सोनगढवर पोचलेला. वरच्या पाण्यावर खालचं पाणी चढत जातं. ढग उलट दिशेने जात असते तर खालचं पाणी आधी निघून गेलं असतं आणि वरचं मागाहून सावकाश आलं असतं. म्हणून तापीचा पूर अंगावर येतो. सुरतेचे लोक पुराला रेल म्हणतात. मला तो शब्द आवडतो. आगगाडीसारखीच येते ती, लांबून, वेळ धरून, आणि रुळांवर बसलेल्याला विचारत नाही.

ही रेल आणि हा दुष्काळ, दोन्ही जुने आहेत. 1630 साली पाऊस आला नाही. गुजरात, खानदेश, दख्खन सगळीकडे धान्य संपलं. त्या साली पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. रस्त्याकडेला पडलेल्या भुकेल्या माणसांची आणि प्रेतांची त्याने लिहिलेली वर्णनं सलग वाचवत नाहीत. हा रस्ता तापीच्याच खोऱ्यातला, आमच्या ताप्ती लाइनचाच पणजोबा. दुसऱ्या वर्षी पाऊस आला तो इतका, की उभं पीक कुजलं. त्याच 1631 साली बुऱ्हाणपूरला मुमताज महल बाळंतपणात गेली आणि आधी तिला तापीपलीकडच्या बागेत पुरलं. ताजमहाल सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी त्याच नदीच्या काठाने किती बाळंतिणी अन्नावाचून गेल्या असतील, त्यांचं काही बांधलेलं नाही.

बुऱ्हाणपूरला एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केलेली आहे. शहर तापीच्या काठी, पण पिण्याचं पाणी नदीतून न घेता 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात जमिनीखालून बोगदा खणला. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलं पावसाचं पाणी नदीकडे झिरपत येतं, ते वाटेतच या बोगद्यात उतरवून शहरात आणलं. वर शंभरच्या वर कुंड्या आहेत, विहिरींसारख्या, एका ओळीत. त्याला कुंडी भंडारा म्हणतात. बर्फ नसलेल्या मुलखात जमीन हीच कोठी, हे ज्याने ओळखलं त्याला माझा नमस्कार.

दुसरं शहाणपण आमच्या खानदेशातलं, पांझरेच्या काठचं. तिथे तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीत ठेंगणा दगडी बंधारा घालायचा, जास्तीचं पाणी वरून जाऊ द्यायचं, आणि बाजूला वळलेलं पाणी पाटाने शेतांना द्यायचं. गावाच्या जमिनीचे फड पाडलेले असतात आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. शेतकऱ्याची जमीन बहुधा सगळ्या फडांत थोडी थोडी असते. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनीच पडीक ठेवायचा. त्यामुळे एकाचं भिजलं आणि दुसऱ्याचं वाळलं असं होत नाही. पाटकरी असतो तो पाणी फिरवतो, त्याला धान्यात बलुतं. हा बंधारा काही साठवत नाही. त्यामुळे तो पूर अडवतही नाही आणि आणतही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरतेची कथा वेगळी. सुरत नदीवर जगली ती बंदर म्हणून. पण तापी एवढा गाळ आणायची की मोठी जहाजं शहरापर्यंत येऊच शकत नसत. ती सुवाळीला समुद्रात थांबत आणि माल होड्यांनी, गाड्यांनी शहरात येई. 1612 साली इंग्रज-पोर्तुगिजांची लढाई झाली तीही सुवाळीलाच. त्या काळचे आपले समाजबांधव वीरजी व्होरा, ज्यांच्याकडून ईस्ट इंडिया कंपनी कर्ज काढायची, त्यांचाही माल याच वाटेने येत-जात असणार. (1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वीरजींच्या घराचं फार नुकसान झालं. महाराष्ट्रातली मुलगी सुरतेच्या जैन घरात आली की हा विषय जेवताना एकदा तरी निघतोच. मी दोन्हीकडची असल्याने वाढायला उठते.) हा गाळ कुठला होता? आमच्याच शेतांमधली काळी माती. वळवाच्या पावसाने उघड्या रानातून धुपून आलेली. खानदेशचा कापूस गाड्यांवर लादून सुरतेला जायचा आणि माती नदीतून जायची. पुढे मुंबई वाढली, सुरतेचं बंदर मागे पडलं. कारणं पुष्कळ होती, पण गाळ हे त्यातलं एक होतंच.

1837 साली सुरतेला उन्हाळ्यात मोठी आग लागली आणि त्याच पावसाळ्यात पूर आला. आगीतून फुफाट्यात असं आपण म्हणतो, सुरत त्या वर्षी आगीतून पाण्यात गेली. 1877 साली होप पूल झाला. त्यानंतर पुराची उंची त्या पुलापाशी मोजायची पद्धत पडली. 1883, 1944, 1945, 1959 ही सालं जुन्या सुरती घरांत बाळांच्या जन्मसालांसारखी सांगितली जातात. अमुक पुराच्या वर्षी आमचे काका झाले, असं.

स्वातंत्र्यानंतर तापीवर आधी काकरापारचा बंधारा झाला, 1954 साली. त्याने कालव्यांना पाणी दिलं, बारडोलीकडे ऊस पिकू लागला. पण फडाच्या बंधाऱ्यासारखाच तोही पाणी वळवणारा, साठवणारा नव्हे. पूर वरून निघून येई. ऑगस्ट 1968 मध्ये तापीला पंधरा लाख क्युसेकच्या वर पूर आला. त्या वेळी वरच्या बाजूला उकाईचं काम चाललेलंच होतं. 1972 साली उकाई धरण पुरं झालं.

उकाई किती मोठं, हे महाराष्ट्रातल्या वाचक भगिनींना असं सांगता येईल की जायकवाडीच्या सुमारे अडीच पट पाणी त्यात मावतं. 22 दरवाजे, 300 मेगावॉट वीज, पूर्ण पातळी 345 फूट. बर्फ नसलेल्या नदीला माणसाने एकदम बर्फ दिला म्हणा ना. पावसाळ्याचं पाणी धरून ठेवायचं आणि वर्षभर थोडं थोडं सोडायचं. दक्षिण गुजरातचा ऊस, भात, केळी, सुरतेचं पिण्याचं पाणी, गिरण्या, हजिऱ्याचे कारखाने, काकरापारचं अणुवीज केंद्र, सगळं त्या कोठीवर आहे. सुरतेत मी नळ सोडते आणि पाणी येतं, ते वैशाखातही येतं. माझ्या बहिणीकडे अंमळनेरला ते उन्हाळ्यात कितीतरी दिवसांनी येतं. नदीच्या एकाच खोऱ्यातल्या दोन बहिणी आम्ही.

त्या कोठीसाठी दीडशेच्या वर गावांत पाणी शिरलं. त्यांतली काही गुजरातची, काही आपल्या नवापूर-नंदुरबारकडची. बहुतेक आदिवासींची. आज सुरतेच्या बांधकामांवर आणि ऊसतोडीला जी माणसं दिसतात त्यांच्यात नंदुरबार आणि सोनगढकडची पुष्कळ असतात. नवापूर सोडून गाडी पुढे निघाली की मला त्या बुडालेल्या गावांची आठवण येते.

आता मुख्य गोष्ट. बर्फ आणि धरण यांत एक मोठा फरक आहे. बर्फ वितळायचा निर्णय कुणी घेत नाही. धरणाचा दरवाजा माणूस उघडतो. आणि धरणाला दोन कामं सांगितलेली असतात, जी एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पाणी साठवायचं तर धरण भरलेलं हवं. पूर अडवायचा तर धरण रिकामं हवं. दूध तापवायला ठेवताना आपण पातेलं कधी काठोकाठ भरत नाही, वर चार बोटं जागा ठेवतो. का, ते कोणाही बाईला सांगायला नको. ती रिकामी चार बोटं म्हणजेच पुरापासूनचं संरक्षण. धरणाला भिंत आहे म्हणून शहर वाचत नाही, भिंतीमागे जागा मोकळी आहे म्हणून वाचतं.

हे इंजिनिअर लोकांना माहीत नसतं असं नाही. उकाईसाठी प्रत्येक महिन्याला किती पाणी ठेवायचं याच्या पातळ्या ठरलेल्या असतात. 1 ऑगस्टला 333 फूट, मग हळूहळू चढत पावसाळ्याअखेर 345. पण समजा पावसाळा अर्धा सरला आणि धरण भरत आलं. पाणी सोडून दिलं आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर ऊसवाले, वीजवाले, नळवाले विचारणार की आमचं पाणी समुद्रात का घातलं. ठेवून घेतलं आणि पाऊस आला, तर शहर बुडणार. बुडणारा माणूस आधी ओरडत नसतो. पाणी मागणारा वर्षभर ओरडत असतो. म्हणून हात नेहमी ठेवून घेण्याकडे वळतो. हा माझा अंदाज आहे, पण घरात पन्नास वर्षं साठवणाऱ्या बायका पाहून केलेला आहे.

ऑगस्ट 2006 च्या पहिल्या आठवड्यात वर खानदेशात आणि मध्य प्रदेशात जबर पाऊस झाला. नदीने वर सांगितलं तसंच केलं, पाण्यावर पाणी चढवत आणलं. धरण 345 फुटांना लागलं आणि मग दरवाजे मोठे उघडावेच लागले. सोडलेलं पाणी 9 लाख क्युसेकच्या वर गेलं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. नऊ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर. एक म्हणेपर्यंत अडीच हजार, दोन म्हणेपर्यंत पाच हजार.

त्यातच 9 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं आणि सुरतेच्या नदीत भरती शिरते. खालून समुद्र चढलेला, वरून नदी उतरणारी, मधे शहर.

आम्ही तेव्हा अडाजणला दुसऱ्या मजल्यावर होतो. सोमवारी, 7 तारखेला, पाणी आधी गटाराच्या झाकणांतून वर आलं, बुडबुडत, जणू जमीनच उकळते आहे. नदीकडून येईल म्हणून आम्ही नदीकडे बघत होतो. मंगळवारी खालचा मजला गेला. तळमजल्यावरची तीन कुटुंबं आमच्याकडे आणि समोरच्यांकडे. वीज नाही, फोन नाही, टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. सासूबाईंनी अगाशीवर पातेली, पराती मांडून पावसाचं पाणी धरलं, गाळून, उकळून सगळ्यांना दिलं. सूर्यास्ताआधी जेवायची सवय असल्यामुळे अंधाराचा आम्हाला तेवढा त्रास झाला नाही, शेजारच्यांना सासूबाईंनी तीही लावली. गुरुवारी पाणी उतरू लागलं तेव्हा रस्त्यावर गुडघाभर चिखल होता. काळा, चिकट. मी पायरीवर उभी राहून तो पाहिला आणि ओळखला. अंमळनेरची माती.

किती पाणी सोडणार आणि आमच्या गल्लीत ते कुठवर येईल, हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही. आमच्यातल्या कितीजणींना क्युसेक कळला असता, तो प्रश्न वेगळा.

सरकारी आकड्याप्रमाणे दीडशेच्या आसपास माणसं गेली. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. नंतर पुष्कळ वाद झाला. आधीपासून थोडं थोडं पाणी सोडत आले असते तर एकदम एवढं सोडावं लागलं नसतं, असं एक म्हणणं. एवढा पाऊस येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असं दुसरं. आस्मानी की सुलतानी, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. माझं मत विचाराल तर पाऊस आस्मानी होता आणि धरणातल्या त्या चार बोटांचा हिशेब सुलतानी होता.

पण तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण 1968 चा आकडा मधे येतो. त्या वर्षी पंधरा लाख क्युसेक होते, 2006 ला नऊ लाख. तरीही होप पुलापाशी पाणी दोन्ही वेळा बारा मीटरच्या वर चढलं, आणि दुसऱ्या वेळी उलट थोडं जास्तच. पाणी पाऊणपटीहूनही कमी, उंची जास्त. म्हणजे मधल्या काळात नदी अरुंद झाली. उकाई झाल्यावर सुरतेला वाटलं, आता रेल यायची नाही. जिथे नदी पावसाळ्यात पसरायची त्या जागा कोरड्या दिसू लागल्या. रांदेर, अडाजण, कतारगाम, वेडकडे सोसायट्या उठल्या, आमचीही त्यातलीच. काठाने पाळे बांधले, म्हणजे बांध, त्यांनी पात्र आणखी आवळलं. 1995 साली सिंगणपोरला कॉजवे झाला, खारं पाणी वर येऊ नये आणि गोडं अडावं म्हणून. तोही गरजेचाच होता. छोटे पूर दरवर्षी पात्र धुऊन गाळ समुद्रात नेतात, तेही धरणामुळे कमी झाले. गाळाचा मोठा भाग आता उकाईतच बसतो, त्यामुळे धरणात पाण्याला जागा कमी होत जाते, आणि शहराजवळचा गाळ हलवायला नदीला जोर नाही. धरणाने छोटे पूर थांबवले, आणि मोठ्याला यायची वाट सोडली नाही ती आपण.

मधे 1994 आणि 1998 साली पूर आलेच होते. 1994 च्या पावसाळ्यात पुरानंतर शहरात प्लेगची लागण झाली आणि लोक गाड्या भरभरून पळाले. त्यातून सुरत स्वच्छतेबद्दल शिकली, ते आज दिसतं. पाण्याबद्दल शिकायला तिने आणखी बारा वर्षं घेतली.

लिंबायतच्या माझ्या ओळखीच्या बायका मात्र म्हणतात, ताई, आमच्याकडे उकाई येत नाही, आमच्याकडे मीठी खाडी येते. तेही खरं आहे. शहरातच जोराचा पाऊस पडला की खाड्या भरतात आणि सखल वस्त्यांमध्ये पाणी शिरतं, तापी शांत असली तरी. त्या पाण्याला ना धरण ना दरवाजा. खानदेशातून पोटासाठी आलेल्या माणसाला शहरात जागा मिळते ती खाडीकाठी, कारण बाकीची परवडत नाही.

2006 नंतर पाऊस, वरच्या नद्यांची पातळी, धरणात येणारं पाणी यांचा अंदाज आधी मिळावा अशी व्यवस्था उभी राहिली. पावसाळ्यात इथल्या वर्तमानपत्रांत उकाईची पातळी रोज छापून येते, आणि भाजीवालीसुद्धा 'आज किती?' म्हणून विचारते. आता रुंढ आणि भाठा यांच्यामध्ये नवा बंधारा होतो आहे. शहरात बारा महिने पाण्याने भरलेली नदी दिसेल म्हणून लोक खूश आहेत.

आमच्या घरी पाणी अजून गाळूनच घेतात. गाळण्यातली जिवाणी, सुरतेच्या भाषेत संखारो, ज्या पाण्यातून काढली त्याच पाण्यात परत सोडायची असा नियम. विहिरीची विहिरीत, नदीची नदीत. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, नळाची कुठे सोडायची? त्या म्हणाल्या, नळ तापीचा, तर तापीत. तेव्हापासून आमच्याकडून कुणीतरी ओवाऱ्यावर जाऊन सोडून येतं. पण उन्हाळ्यात कॉजवेखाली जे दिसतं ते नदीचं पाणी कमी आणि भरतीचं खारं जास्त. गोड्या पाण्यातले जीव खाऱ्यात सोडायचे का, हा प्रश्न मी एकदा चातुर्मासात साध्वीजींना विचारला. कॉजवेच्या वरच्या बाजूला सोडा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तसं करतो. दोन किलोमीटर लांब पडतं.

पावसाळ्यात बहिणीचा फोन येतो तो तब्येतीच्या आधी नदीचा. 'हतनूरचे एकेचाळीसही दरवाजे उघडले गं.' भुसावळजवळ हतनूर, तिथे तापी आणि पूर्णा दोघींचं पाणी येतं. मी लगेच वर्तमानपत्र काढून उकाईची पातळी बघते आणि 333 मधून, 345 मधून वजा करते. मग तिला सांगते, अजून जागा आहे. किंवा सांगते, फार नाही.